नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा: विषय दाखल करण्यापासून ठरावाची नक्कल हातात येईपर्यंत

नगरपरिषदेत सभेचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. अजेंडा टाइप करणं, तो घरोघरी बजावून सह्या आणणं, सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घेणं आणि मग इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची अधिकृत नोंद, लिहिणं, हे माझं काम. त्या कोपऱ्यातून एक प्रकार वारंवार दिसायचा. एखादे नगरसेवक वीस मिनिटं पोटतिडकीनं बोलायचे, बाकं वाजायची, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. सहा महिन्यांनी तेच साहेब माझ्या टेबलाशी: "अहो, त्या सभेत मी गटार मंजूर करून घेतलं होतं, त्याचं काय झालं?" मी ठरावाचं पुस्तक उघडायचो. ठरावच नसायचा. विषय अजेंड्यावर नव्हता, सूचना मांडणारा सूचक नव्हता, तिला पाठिंबा देणारा अनुमोदक नव्हता. झालं होतं ते भाषण, आणि भाषणाला ठराव क्रमांक मिळत नाही.

नवे नगरसेवक आले की याच चुका पुन्हा पहिल्यापासून होतात, म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढतोय. हे नगरपरिषद आणि नगरपंचायतीसाठी आहे. तिथला कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्यानं चालतो आणि सभेच्या कामकाजाचं मुख्य कलम ८१. महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा आहे, मुंबईचा तर १८८८ चा. तिथले नियम इथे लावू नका. पुण्यातल्या मेव्हण्यानं सांगितलं म्हणून सभेत वाद घालणारे मी पाहिले आहेत.

कलम ८१ छापून घ्या, दोनदा वाचा आणि अजेंड्याच्या फाइलला लावून ठेवा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला, कमीत कमी किती सदस्य लागतात, तहकूब सभेचं काय, मतदान कसं, ही उत्तरं त्यात आहेत. सभेत दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कागद समोर असलेला बरा.

## टप्पा १: सभेच्या तीन आठवडे आधी, विषय पिकला आहे का ते बघा

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरू. प्रभाग ४ मध्ये शाळेसमोर उघडं गटार आहे, ते बंदिस्त करायचं आहे. लोकांनी निवेदन दिलंय, तुम्ही शब्द दिलाय. सभेत नेण्याआधी चार टेबलांवर फिरून या.

बांधकाम विभागात जाऊन लांबी मोजून घ्या आणि इस्टिमेट करायला सांगा. अभियंता "आधी ठराव आणा, मग इस्टिमेट करू" म्हणेल. त्याला निदान अंदाजे रक्कम लेखी द्यायला लावा. आकडा नसलेल्या विषयावर सभेत कोणीही सहज म्हणतं, "माहिती घेऊन पुढच्या सभेत ठेवावा." झालं, दोन महिने गेले.

लेखापालाकडे एकच प्रश्न: हे काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात, बसतं आणि त्या शीर्षात आज शिल्लक किती? अर्थसंकल्पात तरतूद दिसते म्हणजे पैसे शिल्लक आहेत असं नाही. आधीच्या कामांनी ती खाल्लेली असते. शिल्लक नसेल तर विषयाच्या मजकुरातच पुनर्विनियोजनाची (दुसऱ्या शीर्षातले पैसे इकडे वळवण्याची) मागणी घालावी लागेल किंवा दुसरा निधी दाखवावा लागेल.

जागा कोणाची हे मिळकत पत्रिकेवरून किंवा सातबाऱ्यावरून पाहा. रस्ता नगरपरिषदेचा समजून ठराव झाला आणि नंतर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, असं झालं की ना हरकत दाखल्यासाठी फाइल फिरत बसते. शाळेजवळच्या कामात जिल्हा परिषदेची जागा निघणं तर नेहमीचं.

चौथं टेबल माझं, म्हणजे सभा लिपिकाचं. हा विषय आधी झालाय का ते विचारा. एकाच गटाराचे पाच वर्षांत तीन ठराव मी स्वतः लिहिले आहेत. जुना ठराव असेल तर नवा विषय कशाला? जुन्याची अंमलबजावणी का झाली नाही, एवढाच प्रश्न लावा.

तपासा: लांबी, रक्कम, लेखाशीर्ष, जागेची मालकी, जुना ठराव. या पाचांपैकी एकाचंही उत्तर नसेल तर विषय अजून कच्चा आहे.

## टप्पा २: विषय लिहिणं

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

माझ्याकडे येणारा नमुना असा असायचा:

"प्रभाग क्र. ४ मधील विविध विकासकामे करणेबाबत."

यात 'विविध' हा शब्द मोठा गुणी आहे. त्यात काहीही मावतं आणि शेवटी काहीही निघतं. या मथळ्याखाली मंजुरी मिळाली तर त्यातून गटार होईल, पेव्हर ब्लॉक होतील किंवा कोणाच्या तरी घरासमोरचा बाक होईल. तुमच्या हातात काही राहत नाही. उद्या लेखापरीक्षणात प्रश्न आला, तर हा ठराव कुठल्या कामाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आता असं लिहा:

"प्रभाग क्र. ४ मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळेचे प्रवेशद्वार या सुमारे १८० मीटर लांबीच्या उघड्या गटारीऐवजी बंदिस्त आरसीसी गटार बांधणे, त्यासाठी अंदाजे रु. … च्या खर्चास प्रशासकीय मान्यता देणे व सदर खर्च लेखाशीर्ष … मधून करणेबाबत विचार करणे."

कुठून, कुठपर्यंत, किती, काय, किती पैशात, कशातून. सहा गोष्टी. मथळा लांबला तरी चालेल. अजेंड्यात लांब मथळ्याला कोणी हसत नाही, आणि हसलंच तर हसू द्या.

मथळ्याखाली टिप्पणी जोडा. अर्धं पान पुरे. लोकांच्या निवेदनाची तारीख, जागेवरची स्थिती, दोन फोटो, अभियंत्याचा आकडा, लेखापालाचा शेरा. भावनिक मजकूर भाषणासाठी ठेवा. टिप्पणीत "चिमुकल्यांच्या जिवाशी खेळ" लिहिलेलं मुख्याधिकारी वाचत नाहीत, ते थेट खालच्या आकड्याकडे जातात.

एका विषयात एकच काम. गटार, दिवे आणि रस्ता एकत्र मागितले आणि दिव्यांना तरतूद नसली, तर तिन्ही कामं अडकतात.

थांबा: हा विषय खरंच सर्वसाधारण सभेचा आहे का? नळाला कमी दाबानं पाणी, दोन दिवस न आलेली घंटागाडी, बंद पडलेला पथदिवा, ही रोजच्या कामकाजातली तक्रार आहे. ती मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्या. काही विषय आधी विषय समितीत जावे लागतात. पाणीपुरवठ्याचा, आरोग्याचा किंवा बांधकामाचा विषय समितीची शिफारस घेऊन आला तर सभागृहात त्याचं वजन वाढतं, आणि "समितीला विचारलं नाही" हा आक्षेपही राहत नाही.

## टप्पा ३: विषय दाखल करणं आणि पोच घेणं

विषय नगराध्यक्षांच्या नावानं द्यायचा, प्रत मुख्याधिकाऱ्यांना. सभेची तारीख आणि अजेंडा नगराध्यक्ष ठरवतात. सभेपूर्वी निदान पंधरा दिवस तरी विषय आत गेलेला असावा, कारण अजेंडा निघाल्यावर आलेला विषय पुढच्या सभेत जातो. सभेची तारीख जाहीर होण्याची वाट पाहत बसू नका. मागची सभा संपली, त्याच आठवड्यात पुढचा विषय देऊन टाका.

आवक विभागात दोन प्रती न्या. एक तिथे, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. "साहेबांच्या हातात दिलाय" किंवा "व्हॉट्सॲपवर पाठवलाय" या दोन वाक्यांनी मला निवृत्तीपर्यंत छळलं. आवक क्रमांक नाही तर विषय आला नाही, इतकं सरळ धरा.

तुमच्या विषयाला अनुमोदन कोण देणार हे आताच ठरवा. ऐन सभेत "अनुमोदक?" असं विचारल्यावर सगळे टेबलाकडे बघतात, ती शांतता फार वाईट असते. जमलं तर दुसऱ्या गटाचा अनुमोदक घ्या.

नागरिकांसाठी: तुम्हाला थेट विषय ठेवता येत नाही. निवेदन आवक करा, पोच घ्या आणि त्या पोचेची प्रत प्रभागातल्या नगरसेवकाला देऊन "हे विषय म्हणून दाखल करा" असं स्पष्ट सांगा. "लक्ष घाला" म्हटलं की लक्षच घातलं जातं, विषय दाखल होत नाही.

## टप्पा ४: अजेंडा हातात पडल्यावर

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी, विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी. 'पूर्ण' या शब्दावर भांडणं होतात. नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा २० तारखेला असेल तर १३ ते १९ हे सात दिवस मोकळे हवेत, म्हणून अजेंडा उशिरात उशिरा १२ तारखेला हातात पाहिजे. विशेष सभा २० ला असेल तर १६ ला.

शिपाई अजेंडा घेऊन येईल तेव्हा सहीखाली तारीख आणि वेळ तुमच्या हातानं लिहा. तो बिचारा "साहेब, नुसती सही करा, तारीख ऑफिसात टाकतात" म्हणेल. नुसती सही करू नका. १५ तारखेला मिळालेल्या अजेंड्यावर १२ तारीख पडलेली मी पाहिली आहे, आणि सही स्वतःचीच असल्यावर पुढे तक्रारीला पाय राहत नाहीत.

मग अजेंडा घेऊन शांत बसा. पहिल्या पानापासून नको, शेवटच्या पानापासून वाचा. अडचणीचे विषय बहुधा शेवटी असतात, तिथवर येईपर्यंत सभागृह थकलेलं असतं आणि चहा आलेला असतो. वाचताना प्रत्येक विषयासमोर पेन्सिलीनं एक खूण करा: बाजूनं, विरोध, माहिती हवी. 'माहिती हवी' असेल तर सभेची वाट न पाहता त्या विभागात जाऊन फाइल पाहा. सभेत माहिती मागितली की "सविस्तर माहिती नंतर देण्यात येईल" हे उत्तर मिळतं आणि विषय मात्र मंजूर होतो.

हे शब्द दिसले की पेन्सिल जोरात दाबा: 'विविध', 'इत्यादी', 'आवश्यकतेनुसार', 'कार्योत्तर मंजुरी', 'मुदतवाढ'. कार्योत्तर म्हणजे खर्च होऊन गेलाय, तुमची सही फक्त बाकी आहे. मुदतवाढ म्हणजे ठेका संपूनही नवी निविदा निघालेली नाही. दोन्हींना कधी खरं कारण असतं, पाइपलाइन फुटते, पूर येतो. ते कारण टिप्पणीत लिहिलंय का एवढं बघा.

तपासा: तुमचा विषय अजेंड्यावर आहे का, आणि तुम्ही लिहिला तसाच आहे का? टाइप होताना १८० मीटरचे ८० होतात, लेखाशीर्ष गळतं. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा. विषयच नसेल तर आवक क्रमांकासह विचारणा करा.

## टप्पा ५: सभेचा दिवस, पहिला अर्धा तास

वेळेवर जा. हजेरी पुस्तकात सही करा आणि सही करताना वर कोणाकोणाच्या आहेत ते मोजा. गणपूर्ती आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला माहीत हवं. सभा सुरू झाल्यावर मधेच माणसं उठून गेली आणि संख्या कमी झाली, तर तेव्हाच उभं राहून गणपूर्तीचा मुद्दा उपस्थित करावा लागतो. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत सांगून उपयोग नाही.

कामकाज बहुतेक ठिकाणी असं चालतं: दुखवट्याचे ठराव, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, मागील ठरावांवरची कार्यवाही, समित्यांची इतिवृत्तं, प्रशासनाचे विषय, सदस्यांचे विषय, शेवटी ऐनवेळचे. क्रम बदलून हवा असेल तर अगदी सुरुवातीला पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे सभेच्या अध्यक्षस्थानी असतील त्यांना, विनंती करा. पाणीटंचाईचा विषय सतराव्या क्रमांकावर आणि समोर हंडे घेऊन आलेल्या बायका, अशा वेळी क्रम बदलला जातो.

'मागील इतिवृत्त कायम करणे' हा विषय लोक एका मिनिटात सोडून देतात. माझ्या मते अख्ख्या अजेंड्यात सर्वात महत्त्वाचा तोच. मागच्या सभेत जे ठरलं ते तसंच लिहिलंय का, एवढाच इथे प्रश्न असतो. तुमचा विरोध नोंदलेला नाही, उपसूचना गळली आहे, ठरावाची रक्कम वेगळी आहे, तर दुरुस्ती सांगायची जागा ही. कायम झाल्यावर ते पुस्तक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उलट, मागचा निर्णय तुम्हाला पटला नव्हता म्हणून इथे पुन्हा चर्चा सुरू करू नका. ती चालत नाही, आणि तुमची खरी दुरुस्ती त्या गोंधळात वाहून जाते.

## टप्पा ६: तुमचा विषय पुकारला गेला

विषय क्रमांक वाचला गेला की उभे राहा आणि आधी मागणी सांगा, नंतर कारण. "मी सुचवतो की विषय क्रमांक ११ टिप्पणीतील रकमेसह मंजूर करावा." यानंतर लगेच अनुमोदकानं नाव सांगायचं. मग बोला, हवं तेवढं. बहुतेक जण उलटं करतात: पंधरा मिनिटं भाषण, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी उठतो, वादावादी होते, "पुढचा विषय" असा आवाज येतो, आणि सूचना मांडायची राहूनच जाते. माझ्या टिपणात तेव्हा एवढंच यायचं: 'विषय क्र. ११ वर चर्चा झाली.'

कोणी बदल सुचवला तर ती उपसूचना. तोंडी मान्य करून बसू नका, ती कागदावर लिहून घ्या आणि पीठासीन अधिकाऱ्यांकडे द्या. "रुंदी थोडी वाढवा" असं मान्य झालं, आणि इतिवृत्तात किती वाढवायची ते नाही, मग इस्टिमेट कोणत्या रुंदीचं करायचं?

मुख्याधिकारी किंवा अभियंता काही अडचण सांगत असतील तर ऐकून घ्या. त्यांना मत नाही, पण नियमात बसत नाही असं त्यांनी सभेतच सांगितलं आणि तुम्ही रेटून ठराव केला, तर पुढे तो ठराव अडणार हे धरून चाला. "नियमात बसवायचं असेल तर मजकूर कसा हवा?" असं तिथेच विचारा. दोन शब्द बदलून वाचलेले ठराव मी खूप पाहिलेत.

मतदानाचं थोडक्यात. 'मंजूर, मंजूर' असा आवाज झाला की 'सर्वानुमते' लिहिलं जातं. तुम्हाला ते मान्य नसेल तर त्याच क्षणी मतदान मागा आणि बाजूच्या-विरोधाच्या सदस्यांची नावं नोंदवायला सांगा. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांना चर्चेत बोलता येतं, मत देता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-आर मध्येच तशी तरतूद आहे, म्हणून हात मोजताना त्यांचे वगळा. मतं समसमान पडली तर पीठासीन अधिकाऱ्यांचं निर्णायक मत.

विरोध करायचा असेल तर गप्प बसून किंवा सभात्याग करून तो होत नाही. सभात्याग बातमीत दिसतो, मतमोजणीत दिसत नाही. ठराव तर तुमच्या पाठीमागे आणखी सोपा होतो. बसा, विरोध म्हणा, नाव नोंदवा, नंतर बाहेर जाऊन घोषणा द्या.

थांबा: विषयात तुमचा, घरच्यांचा किंवा तुमच्या फर्मचा पैशाचा संबंध असेल तर आधीच सांगा आणि चर्चा-मतदानातून बाजूला व्हा. भावाच्या नावावरचा ठेका सगळ्या गावाला माहीत असतो, फक्त इतिवृत्तालाच माहीत नसतो असं समजू नका. यात पद जाऊ शकतं.

## टप्पा ७: ऐनवेळचे विषय

अजेंड्याच्या तळाशी एक ओळ असते: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. या एका ओळीच्या पोटात काय काय जातं ते मी लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. इथे फक्त बचाव सांगतो.

नोटीशीत कामकाज लिहायचं ते सदस्याला आधी कळावं म्हणून. त्यामुळे अभिनंदनाचा ठराव, शासनाचं त्याच दिवशी आलेलं पत्र, अशा गोष्टी ऐनवेळी घ्यायला हरकत नाही. लाखोंचा खर्च, जागा भाड्यानं देणं, ठेक्याची मुदतवाढ, कर-दरात बदल, हे ऐनवेळचे विषय नव्हेत. ते आले तर "अजेंड्यावर नसल्याने पुढील सभेत ठेवावा" अशी सूचना मांडा, मतदान मागा, विरोध नोंदवा.

तुमचा स्वतःचा विषय ऐनवेळी घुसवायचा मोह टाळा. आज सोपं वाटतं. उद्या विरोधी गटातल्या एकानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की आधी तोच ठराव अडतो.

खरा धोका पुढचा. सभा संपते, सगळे घरी जातात आणि पंधरा दिवसांनी इतिवृत्तात ऐनवेळचे सात विषय दिसतात, सभेत झाले होते तीन. हे होऊ नये म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत तीन गोष्टी करा. प्रत्येक ऐनवेळचा विषय क्रमांकासह मोठ्यानं वाचायला लावा. शेवटचा झाला की "यापुढे विषय नाहीत, सभा समाप्त" असं पीठासीन अधिकाऱ्यांच्या तोंडून वदवून घ्या आणि वेळ टिपा. आणि त्याच दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या आत, दोन ओळींचं पत्र आवक करा: "आजच्या सभेत ऐनवेळचे एकूण तीन विषय झाले, त्यांचे मथळे असे. सभा अमुक वाजता संपली." दोन-तीन सदस्यांच्या सह्या असल्या तर उत्तमच. माझ्या नोकरीत असं पत्र आल्यावर पुस्तकात जादा विषय चढवायला कोणी सांगितलं नाही.

## टप्पा ८: इतिवृत्त आणि नक्कल

सभेनंतर आठवडाभरात सभा लिपिकाला भेटा. चहाला नव्हे, कच्चं इतिवृत्त बघायला. तुमच्या विषयासमोर पुढील गोष्टी दिसल्या पाहिजेत: ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मंजूर झालेला पूर्ण मजकूर, रक्कम, लेखाशीर्ष, मतदानाची नोंद. ठरावात "टिप्पणीप्रमाणे मंजूर" एवढंच असेल तर टिप्पणी इतिवृत्तात जोडली आहे का ते पाहा. टिप्पणी फाइलमध्ये आणि फाइल हरवलेली, असं झालं की त्या मंजुरीला धड ना डोकं.

विरोध केला असेल तर त्याचा शब्दन् शब्द तपासा. 'काही सदस्यांनी विरोध दर्शवला' हे पुरेसं नाही, नाव हवं. नियमबाह्य खर्चाचा प्रश्न पुढे उभा राहिला तर ठरावाच्या बाजूनं कोण होतं हे याच पानावरून ठरतं.

मग ठरावाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. नागरिकांनाही ती मिळते. सरळ अर्जावर टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात "सभेची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, उत्तर तसंच मोघम येतं. सभेची तारीख, विषय क्रमांक आणि 'ठराव, टिप्पणी व हजेरी पुस्तकाच्या पानाची प्रत' असं नेमकं मागा.

## टप्पा ९: ठरावानंतर काम कुठे अडतं

ठराव झाला म्हणजे पेढे वाटणारे आणि मग वर्षभर शिव्या खाणारे नगरसेवक काही कमी नाहीत. ठरावानं प्रशासकीय मान्यता मिळते. पुढे सविस्तर इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, निविदा, दर मंजुरी, करारनामा, कार्यारंभ आदेश, मग कुठे पहिली कुदळ. लोकांना सांगताना "मंजुरी मिळाली, काम सुरू व्हायला अजून इतके टप्पे आहेत" असं सांगा. मधे आचारसंहिता लागली तर निविदा थांबते, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या ठरावाचा शब्द जपून द्या.

दुसरा अडथळा १९६५ च्या कायद्यातलं कलम ३०८. ठराव बेकायदा आहे किंवा लोकांच्या हिताला बाधक आहे असं वाटलं तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तुमच्या चांगल्या ठरावाविरुद्ध कोणी असा अर्ज केला तर तुमच्याकडे अजेंडा मिळाल्याची तारीख, टिप्पणी, मतदानाची नोंद आणि प्रमाणित प्रत हे चार कागद तयार हवेत. आणि तुम्हालाच एखादा ठराव थांबवायचा असेल तर अर्ज लवकर द्या, कार्यारंभ आदेश निघण्याआधी. अर्जात राग लिहू नका. अजेंडा कधी मिळाला, विषय कुठे नव्हता, कोणत्या नियमाचा भंग झाला, विरोध कोणत्या पानावर आहे, एवढंच तारखांसह. सोबत प्रमाणित प्रत. प्रतीशिवाय गेलेला अर्ज नगरपरिषदेकडेच अहवालासाठी परत येतो आणि तो अहवाल लिहायला माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असतो.

पाठपुराव्यासाठी एक साधी वही करा, प्रत्येक ठरावाला एक पान. वर ठराव क्रमांक आणि तारीख, खाली फाइल आज कोणत्या टेबलावर आहे आणि कोणत्या तारखेपासून. महिन्यातून एकदा ती वही घेऊन कार्यालयात फेरी मारा. फाइल एकाच टेबलावर महिन्याहून जास्त दिसली तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा, पोच घ्या, आणि पुढच्या सभेसाठी 'ठराव क्रमांक अमुकवर आजवर झालेली कार्यवाही' असा विषय दाखल करा. पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत.